मदत हवी आहे: ६५ इंची ओलेड की ७५ इंची मिनी एलईडी? (दिवसा बातम्या, रात्री गेमिंग)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, आधीच माफी मागतो.

घरातला ४३ इंची टीव्ही गेल्या महिन्यात गेला. म्हणजे अर्धा गेला, आवाज येतो चित्र येत नाही, त्यामुळे बाबा सध्या टीव्हीचा रेडिओ करून बातम्या ऐकतात आणि मी समोरून गेलो की "ठरलं का तुझं?" एवढंच विचारतात. मी तीन आठवडे रोज रात्री रिव्ह्यू वाचतोय, व्हिडिओ बघतोय, आणि पहिल्या दिवशी जेवढं कळत होतं तेवढंही आता कळेनासं झालंय.

बजेटचं म्हणाल तर बऱ्यापैकी पैसे बाजूला काढलेत पण उधळायचे नाहीत. त्यात एकतर २०२४ च्या मॉडेलचा ६५ इंची ओलेड (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो) बसतो (एलजी सी४, सॅमसंग एस९०डी नाहीतर सोनी ब्राव्हिया ८, ज्याची डील चांगली लागेल तो), किंवा तेवढ्यातच टीसीएल, हायसेन्सचा वरच्या रेंजमधला ७५ इंची मिनी एलईडी (म्हणजे एलसीडी, पण मागे बारीक एलईडी दिवे) बसतो आणि वर साउंडबारपुरते पैसे उरतात. ७७ इंची ओलेडचा नाद सोडलाय. किंमत बघून बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

आता खरी गोची सांगतो. या टीव्हीचे घरात दोन मालक असणार आहेत. दिवसा आईबाबा, म्हणजे मुख्य बाबाच, आणि त्यांचं न्यूज चॅनल. एकच चॅनल, तासन् तास, खाली लाल पट्टी, वर कोपऱ्यात लोगो, मधेच अजून एक घड्याळासारखं काहीतरी. रात्री दहानंतर मी, पीएस५ वर, आणि कधीतरी पीसी पण जोडतो. शनिवार-रविवारी सिनेमा. ज्याला विचारावं तो म्हणतो गेमिंग आणि सिनेमा म्हणजे ओलेड, विषय संपला, आणि त्यानंतर मी बाबांच्या चॅनलचं सांगितलं की समोरचा "अरे मग..." म्हणून गप्प होतो. या "अरे मग"च्या पुढचं कोणीतरी सांगा, त्यासाठीच इथे आलोय.

खोलीचं: सोफ्यावर बसलं की डोळ्यांपासून भिंत साधारण २.७ मीटर. टीव्हीच्या अगदी समोरच्या भिंतीत मोठी खिडकी आहे, आईला पडदे लावलेले चालत नाहीत. म्हणजे दिवसा रिफ्लेक्शन हमखास. दोन सिंगल सोफे बाजूला आहेत, तिथून तिरकं दिसतं.

साइज कळावी म्हणून मी वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीवर दोन्ही मापं लावून बघितली. ६५ म्हणजे सुमारे १४४ बाय ८१ सेंटीमीटर, ७५ म्हणजे १६६ बाय ९३. ऐकायला दहाच इंच जास्त, पण क्षेत्रफळ काढलं तर ७५ वाला एक तृतीयांशाने मोठा निघतो. बायको म्हणाली हा टीव्ही आहे की दार. दोन दिवस ते पेपर तसेच ठेवले आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवसापासून कोणालाच मोठं वाटेना. २.७ मीटरवरून ६५ ला बघण्याचा कोन जवळपास ३० अंश येतो आणि ७५ ला ३४ च्या आसपास. सिनेमासाठी ३० ते ४० अंश चांगले मानतात असं वाचलं, म्हणजे ६५ अगदी उंबरठ्यावर.

दुकानात पण जाऊन आलो, काही उपयोग झाला नाही. सगळे टीव्ही डेमो मोडवर, डोळे दिपवणारे रंग, सगळीकडे तीच फुलं आणि तेच पोपट. सेल्समनला विचारलं याचं पॅनल खरंच १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं) आहे का, तर तो डब्यावरचा भलताच मोठा कसलातरी मोशन आकडा दाखवायला लागला. मी म्हटलं हा नाही, पॅनलचा सांगा. त्याने रिमोटकडे बघितलं. रिमोटला पण माहीत नव्हतं.

तर प्रश्न असे की, एक, अशा वापरात ओलेडवर बर्न-इन (तेच चित्र तासन् तास राहून पडद्यावर कायमचा डाग दिसणं) खरंच येतो का की ती जुनी भीती आहे, दोन, मिनी एलईडीत ते हॅलो का काय म्हणतात ते (उजळ गोष्टीभोवतीचा धुरकट प्रकाश) अंधाऱ्या गेममध्ये कितपत खटकतं, तीन, पोर्टचं काय बघायचं, आणि चौथं म्हणजे तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं. ८के सुचवू नका प्लीज, बघायला त्यात काही नाहीच.

-----

ओलेडवाला आहे म्हणून आधी मीच लिहितो. माझ्याकडे एलजी सी१ आहे, २०२१ चा. जवळपास रोज गेमिंग. बर्न-इन शून्य. पण दादा, मी न्यूज लावत नाही, आणि गेमही चार-पाच वेगवेगळे चालू असतात. एकाच गेमचा एचयूडी (पडद्यावर कायम दिसणारे आकडे, नकाशा वगैरे) वर्षभर रोज चार तास असा प्रकार नाही. अंधाऱ्या खोलीत जे काळं दिसतं ना ते दुसऱ्या कशात नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो आणि काळं हवं तिथे चक्क बंद होतो, मागे बॅकलाइट नाहीच त्यामुळे हॅलोचा प्रश्नच येत नाही. रात्रीचं आकाश, गुहा, अंतराळ असले सीन बघून परत साध्या एलईडीकडे जाववत नाही.

घेतलात तर एक लक्षात ठेवा, रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल तर मोडा. टीव्ही स्टँडबायला गेला की तो आपलं आपण पॅनल सारखं करून घेतो, एलजीत साधारण एकूण चार तास वापर झाला की पुढच्या वेळी बंद केल्यावर ते चालू होतं. वीजच तोडली तर ते होणार कधी? माझ्या सासऱ्यांनी वर्षभर रोज मेन स्विच बंद केला आणि मग मला विचारत होते की पडद्यावर पट्टे का दिसतात.

-----

वरच्या दादांचं बरोबर आहे पण धागाकर्त्याची केस वेगळी आहे. आमच्या घरी हेच झालंय म्हणून लिहिते. ओलेड (कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचं तत्त्व एकच), सासूबाईंचं एकच चॅनल दिवसभर, अडीच वर्षांत खाली पट्टीची जागा कायमची दिसायला लागली. रोजच्या चित्रात नाही दिसत, पण हिरवं मैदान किंवा एकसारखं पिवळं-लाल काही आलं की खाली आडवा डाग. शब्द वाचता येत नाहीत, नुसता पट्टा.

लोकांना वाटतं की चित्र "छापलं" जातं. तसं नसतं. ओलेडचं मटेरियल जळत जळतच म्हातारं होतं, जिथे रोज तोच झगझगीत लाल-पांढरा रंग असतो तिथले सबपिक्सेल बाकीच्यांपेक्षा आधी म्हातारे होतात आणि तो फरक आपल्याला दिसतो. त्यामुळे "तासाभराने पाच मिनिटं चॅनल बदला" याने फारसा फरक पडत नाही, एकूण तास मोजले जातात. पिक्सेल शिफ्ट (चित्र किंचित सरकवत राहणं), लोगो डिम करणं या गोष्टींनी वेग कमी होतो, थांबत नाही. ब्राइटनेस कमी ठेवला तर जास्त टिकतो, पण तुमच्याकडे समोर खिडकी, म्हणजे दिवसा ब्राइटनेस वाढवणारच. आणि वॉरंटीचा कागद नीट वाचा हो, बऱ्याच ठिकाणी बर्न-इन त्यात धरतच नाहीत. आम्ही नंतर वाचला.

बाबा दिवसाचे नक्की किती तास बघतात ते मोजलंय का? अंदाज नका सांगू, मोजा.

-----

पोर्टचं मी सांगतो.

४के १२० हर्ट्झला एचडीएमआय २.१ लागतं. जुन्या २.० ची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट, २.१ ची ४८ पर्यंत. आता मेख अशी की डब्यावर "एचडीएमआय २.१" लिहिलेलं असलं तरी चारही पोर्ट तसे असतीलच असं नाही. एलजी सी४ आणि सॅमसंग एस९०डी मध्ये चारही आहेत. ब्राव्हिया ८ मध्ये दोनच, आणि त्यातलाच एक ईआर्क (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारा), म्हणजे साउंडबार तिथेच जाणार. मग पीएस५ आणि पीसी दोन्ही १२० वर चालवायचे तर उरला एक पोर्ट. मिनी एलईडीच्या बऱ्याच सेटमध्ये पण हेच, दोन फास्ट आणि दोन साधे. घ्यायच्या आधी मागचा फोटो शोधून बघा. पोर्टच्या शेजारी ४के१२० किंवा १४४ असं बारीक लिहिलेलं असतं.

व्हीआरआर (गेमच्या फ्रेमरेटप्रमाणे टीव्हीने आपला वेग बदलणं) असलंच पाहिजे, पीएस५ ला ते एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून आहे. फ्रेमरेट खाली-वर झाला तरी चित्र फाटत नाही. फक्त ओलेडवर व्हीआरआर चालू असताना अंधाऱ्या सीनमध्ये कधीकधी उजेड फडफडल्यासारखा होतो, काहींना दिसतो काहींना नाही.

डॉल्बी व्हिजनवरून (एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवणाऱ्या चित्राचा एक प्रकार) सॅमसंग सोडू नका असं गेमिंगपुरतं म्हणेन. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नाहीच, एचडीआर१०+ आहे, पण पीएस५ गेममध्ये डॉल्बी व्हिजन देतच नाही, ते एक्सबॉक्स सिरीज एक्स देतो. सिनेमा स्ट्रीमिंगवर बघणार असाल तर मात्र विचार करा. आणि एस९०डी घेताना पॅनल कुठलं ते विचारा, देशाप्रमाणे आणि साइजप्रमाणे कुठे क्यूडी-ओलेड येतं कुठे साधं डब्ल्यू-ओलेड. क्यूडी-ओलेड रंगांना जबरदस्त, पण त्यावर पोलरायझर (बाहेरचा उजेड अडवणारा थर) नसतो म्हणून समोरून उजेड पडला की काळं करडं-जांभळट दिसतं. तुमच्या त्या खिडकीसमोर अवघड आहे.

-----

दोन टीव्ही घ्या की राव. तुमच्यासाठी ओलेड आणि बाबांच्या खोलीत साधा ४३ इंची एलईडी. मिटला प्रश्न.

-----

धागाकर्ता बोलतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांत कळलं नाही ते एका रात्रीत कळलं.

दोन टीव्हीचं मलाही सुचलं होतं आणि खरं सांगायचं तर हिशोबात ते सगळ्यात शहाणपणाचं आहे. पण बाबांना विचारलं तर म्हणाले मी काय खोलीत कोंडून बसू का. त्यांना बातम्या बघायच्या नसतातच नुसत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या असतात, आणि ते हॉलमध्येच होतं. तेव्हा ते बाद.

ताई, तुमच्या सांगण्यावरून आठवडाभर मोजलं (टीव्हीत चित्र नसलं तरी चालू किती वेळ असतो ते कळतंच). बाबांचं चॅनल दिवसाला सरासरी साडेपाच तास. माझं गेमिंग दीड तास, तेही आठवड्यातून चारच दिवस, बाकी दिवशी मी सोफ्यावरच झोपलेला असतो असं बायकोचं म्हणणं आहे आणि नोंदवहीत तसंच निघालं. म्हणजे मी गेमिंग टीव्ही शोधत होतो आणि घराला हवा होता बातम्यांचा टीव्ही ज्यावर गेमही चांगला चालेल. हे वाचून जरा वाईट वाटलं.

तेव्हा ७५ इंची मिनी एलईडीकडे झुकलोय. फक्त हॅलोचं कोणीच बोललं नाही, वापरणारं कोणी आहे का?

-----

आहे ना. दीड वर्षं वापरतोय.

मिनी एलईडी म्हणजे शेवटी एलसीडीच, मागे बारीक बारीक एलईडी आणि त्यांचे शेकडो, मोठ्या सेटमध्ये हजाराच्या वर झोन (एकत्र उजळणारे-मंदावणारे गट). पण ४के पडद्यावर पिक्सेल आहेत जवळपास ८३ लाख, मग एका झोनमध्ये हजारो पिक्सेल येणारच. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल आली की भोवती धुरकट प्रकाश दिसतो, तोच हॅलो. समोरून बसलं तर चांगल्या सेटमध्ये कमी, तिरकं बसलं की जास्त. दिवे पूर्ण बंद करून बघत असाल तर खटकेल, टीव्हीच्या मागे मंद दिवा ठेवला तर नव्वद टक्के वेळा लक्षातही येत नाही (नव्वद हा माझा आकडा हां, कुठे मोजलेला नाही).

तुमच्या बाजूच्या सोफ्यांचं मात्र ध्यानात घ्या. यातली बहुतेक पॅनलं व्हीए प्रकारची असतात, कॉन्ट्रास्ट छान पण बाजूने रंग फिकुटतात. तिथे कोण बसतं त्यावर ठरवा.

दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यात एक अंधाऱ्या सीनचा व्हिडिओ, एक सबटायटलवाला, आणि एक नुसता करड्या रंगाचा फोटो ठेवा. करड्यावर मळकट डाग किंवा उभे पट्टे दिसले तर तेच पुढे मॅच बघताना कॅमेरा फिरला की दिसतात. आणि डेमो मोड बंद करायला लावा, घरचा मोड लावून बघा. तुमच्या पेनड्राइव्हवरचे व्हिडिओ जड असतील तर अजून एक, घरी गेल्यावर नेटवर्कची वायर लावून खूश होऊ नका, बऱ्याच टीव्हींचं ते पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, वायफाय जास्त पळतं. विचित्र आहे पण आहे.

-----

धागाकर्ता परत एकदा.

आला. ७५ इंची मिनी एलईडी. बाजूच्या सोफ्यावर आई बसते आणि ती टीव्हीकडे बघत नाही, फोनवर बोलते, त्यामुळे तिरक्या कोनाचा प्रश्न निकालात निघाला. पेनड्राइव्हचा सल्ला सोन्यासारखा, पहिल्या दुकानातल्या सेटवर करड्या फोटोत मधोमध मोठा ढग दिसला, दुसरीकडचा स्वच्छ निघाला.

पहिल्या रात्री घाम फुटला होता. पीएस५ ६० हर्ट्झच्या वर जाईचना. केबल बदलली, पोर्ट बदलला, मनात म्हटलं फसलो. मग कळलं की टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टला एचडीएमआयचा एन्हान्स्ड फॉरमॅट वेगळा चालू करावा लागतो, कंपनीकडून बंद येतो. चालू केल्यावर १२०, व्हीआरआर सगळं आलं. ज्यांचा टीव्ही एक-दोन वर्षं जुना आहे आणि कधी तपासलं नसेल त्यांनी आज रात्री बघा.

हॅलो दिसतो. खोटं नाही बोलत. गेम लोड होताना काळ्या पडद्यावर कोपऱ्यात पांढरं चक्र फिरतं त्याच्याभोवती हमखास दिसतो, गेम चालू झाला की विसरायला होतं. दिवसा मात्र समोर खिडकी उघडी असताना जे चित्र दिसतंय त्याला तोड नाही, इथे ओलेड असता तर मी आईशी पडद्यांवरून रोज भांडलो असतो.

सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी ठेवता येतात हे माहीत नव्हतं. बाबांच्या बॉक्सला ते मोशन गुळगुळीत करणारं चालू ठेवलंय, त्यांना आवडतं, माझ्या डोळ्यांना सिनेमाची मालिका झाल्यासारखी वाटते. पीएस५ च्या पोर्टला गेम मोड, ते सगळं बंद.

बाबांनी पहिल्या दिवशी सोफा अर्धा फूट मागे सरकवला. म्हणाले त्या निवेदकाचं डोकं आपल्या दारापेक्षा मोठं दिसतंय. चॅनल तेच आहे.

साउंडबारसाठी नवीन धागा काढतो, याच्यात नको.